जुनी टाकी घरात येते तेव्हा: एका तीन फुटी फिश टँकच्या सफाईचं प्रकरण

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पोतून एक काचेची टाकी उतरली. लांबी ३६ इंच, रुंदी १५, उंची १८. खाली गंजलेला लोखंडी स्टँड, आत चार बोटं काळं पाणी, काचांवर पांढरट थर आणि त्याखाली वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ती आपल्या सातवीतल्या मुलासाठी १८०० रुपयांना घेतली होती. स्टँड, फिल्टर, हीटर, पांढरे खडे सगळं त्यातच. मी वीसेक वर्षं मासे पाळतोय हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मला हाक आली.

ही टाकी स्वच्छ होऊन तिच्यात मासे पडायला डिसेंबर उजाडला. दहा आठवडे लागले, आणि त्यातला घासण्याचा वेळ मोजला तर जेमतेम दहा तास भरेल. बाकीचा वेळ कुठे गेला आणि तो का जायलाच हवा होता, ते सविस्तर लिहितो. घाण टाकी पाहिली की हात आधी घासणीकडे जातो, आणि या प्रकरणात सगळ्यात मोठा धोका तिथेच होता.

हात लावण्यापूर्वी मी वहिनींना सांगितलं, टाकी विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावा. टाकीत आधी काय होतं, ते का मेलं, औषध काय घातलं, टाकी किती दिवस रिकामी आहे, कधी गळली का, एवढंच विचारायचं होतं. उत्तरं मिळाली ती अशी. आधी गोल्डफिश होते, ते दोन महिन्यांत एकामागून एक मेले. दुकानदाराने दिलेलं ‘निळं औषध’ घातलं होतं. मग वर्षभर मुलाची दोन कासवं होती. ती कुणाला तरी देऊन टाकली आणि जूनपासून टाकी बाल्कनीत होती. गळत नव्हती.

या पाच उत्तरांवर पुढची सगळी सफाई ठरली. निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. कोपऱ्यांतलं सिलिकॉन निळसर दिसत होतं ते त्यामुळेच. तो रंग सिलिकॉनमध्ये मुरतो, घासून जात नाही, आणि घासत बसायची गरजही नाही. मासे कशाने मेले ते माहीत नसल्यामुळे फिल्टरचा स्पंज, जाळी आणि खडे यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. कासवं होती म्हणजे साल्मोनेला, पोटाचा आजार देणारे जंतू, आहेत असं धरून चालायचं. कासवांच्या अंगावर आणि पाण्यात हे जंतू असतात, कासव मात्र ठणठणीत दिसतं. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ सालापासून बंदी आहे ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. म्हणून या टाकीची एकही वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा ओट्यावर धुवायची नाही, हे मी वहिनींना पहिल्याच मिनिटाला सांगितलं.

पावसाळाभर बाल्कनीत होती, हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वाकून पाहिलं तर त्या काळ्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाणी ओतून टाकी उन्हात ठेवली की काम झालं, असं होत नाही. आठवड्याच्या कोरड्या दिवशी भांडी नुसती पालथी न घालता घासून पुसायला सांगतात ते याचसाठी. टाकीच्या चारही काचांवर पाण्याच्या जुन्या रेषेभोवतीचा पट्टा मी खडूने बाहेरून आखून घेतला आणि मुलाला सांगितलं, “इथे जास्त घासायचं.”

हात

पाणी उपसायला मुलाने नळी आणली आणि तिचं एक टोक तोंडात धरलं. मी ती लगेच काढून घेतली. मासेवाल्या घरांमध्ये नळी तोंडाने ओढायची सवय सर्रास दिसते. स्वच्छ चालत्या टाकीतही मी तसं करू देत नाही, आणि इथे तर कासवांचं, सडकं, चार महिने साठलेलं पाणी होतं. नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्यायची, एक टोक अंगठ्याने बंद करून खाली आणायचं, की पाणी आपोआप वाहतं. आम्ही तसं केलं. उरलेलं मगाने काढलं.

हातमोज्यांविषयी मी एवढा आग्रह का धरतो, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक लालसर गाठ आली. आधी तिथे दगड सरकवताना खरचटलं होतं, ते मी विसरूनही गेलो होतो. गाठ दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. महिनाभराने मनगटाच्या दिशेने दुसरी आली. दोन ठिकाणी मलमं झाली, एकदा चीरही दिली. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, “घरी मासे आहेत का?” निदान झालं ते मायकोबॅक्टेरियम मरायनमचं. हा क्षयाच्या जंतूंच्या कुळातला, पण पाण्यात राहणारा जंतू. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमधून तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीरात खोल न शिरता बोटं, हात, कोपर अशा थंड भागांतच रुजतो. जखमेतून शिरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उगवतो, तोवर जखम कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं औषध काही महिने चाललं. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. या संसर्गात क्षयाची त्वचेवरची चाचणीही होकारार्थी येऊ शकते आणि घरातले घाबरतात. म्हणून हातावर न भरणारी गाठ आली तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणच सांगावं, ‘मी फिश टँक साफ करतो.’

दोघांनीही कोपरापर्यंतचे रबरी मोजे घातले. मुलाच्या तर्जनीवर पेन्सिल तासताना झालेली ताजी चीर होती. त्याला मी त्या दिवशी काचेच्या आत हात घालू दिला नाही. तो हिरमुसला, पण बाहेरून खुणा करणं, मोजमापं लिहिणं, खडे चाळणं अशी बरीच कामं त्याच्या वाट्याला आली.

अळ्यांचं पाणी गटारात सोडलं नाही, कारण तिथे त्या मजेत वाढल्या असत्या. पार्किंगमागच्या मोकळ्या, तापलेल्या मातीवर ते पसरून ओतलं. तिथे पाणी जिरतं आणि अळ्या वाळतात. खड्यांत बारीक शंखगोगलगायी होत्या, म्हणून खडे ताडपत्रीवर पसरून उन्हात टाकले. ओढ्यात किंवा नदीत यातलं काहीही जाऊ द्यायचं नाही, हे मुलाला मी दोनदा सांगितलं.

दोन बाटल्या

टाकी रिकामी झाली. मी व्हिनेगर आणि ब्लेड आणायला वर गेलो. परत यायला दहा मिनिटंही लागली नसतील. खाली आलो तर वहिनींनी काचेवरच्या पांढऱ्या थरावर टॉयलेट क्लीनर पिळून ठेवलं होतं आणि हातात टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा, डबा होता. पाण्याची टाकी धुतल्यावर सोसायटीने ठेवलेला तो डबा सेक्रेटरींकडून त्यांनी मागून आणला होता, आणि चमचा भरून त्या आत टाकणार एवढ्यात मी ओरडलो.

त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पांढरे डाग ॲसिडने जातात हे त्यांना बाथरूमवरून माहीत होतं. जंतू टीसीएलने मरतात हे आपल्या गावोगावच्या विहिरींवरून सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण दोन्ही एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि टीसीएल किंवा द्रव ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटला ॲसिड लागलं की त्यातला क्लोरीन मोकळा होतो. हा वायू हवेच्या जवळपास अडीचपट जड. काचेच्या खोल पेटीत तो तळाशी भरून राहतो, आणि घासणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच पेटीत वाकलेलं असतं. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सिलिंडरमधून हाच वायू सोडला होता. चमचाभर टीसीएलने तेवढा उत्पात होणार नाही हे कबूल, पण बंद बाथरूममध्ये हे दोन पदार्थ मिसळून माणसं थेट दवाखान्यात पोचल्याच्या घटना घडतात. व्हिनेगर सौम्य असलं तरी ब्लीचच्या बाबतीत तेही ॲसिडच. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही ब्लीचबरोबर चालत नाही, त्यातून वेगळे विषारी वायू निघतात.

डबा लांब ठेवला. वहिनी घाबरून म्हणाल्या, “भाऊजी, मी रोज दोन्ही वापरते हो.” मी विचारलं, “एका वेळी?” त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “नाही. पण कधी असंही झालं असतं.” मग टाकी आडवी करून नळाच्या पाण्याने सहा वेळा धुतली.

त्यात आणखी एक अडचण होती. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिडबरोबर साबणासारखे पदार्थ, रंग आणि वासही असतो. माशाच्या कल्ल्यांवरचा चिकट थर अशा पदार्थांनी निघतो आणि श्वास घेणं अवघड होतं, म्हणून टाकीला भांड्यांचा साबण कधीच लावत नाहीत. लागलाच तर तो गेला की नाही हे पाहायची माझी पद्धत साधी आहे. शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ पारदर्शक बाटलीत अर्धं भरायचं, जोरात हलवायचं आणि थांबायचं. बुडबुडे दोन-तीन सेकंदांत फुटले तर ठीक. फेस तरंगत राहिला तर पुन्हा धुवायचं. आमच्या सहाव्या पाण्यालाही फेस राहिला. दहाव्याला गेला.

त्याच दिवशी नियम ठरवला आणि मुलाने तो वहीत लिहिला: आजचा रविवार ॲसिडचा, पुढचा शनिवार क्लोरीनचा, आणि खाली पार्किंगमध्ये एका वेळी एकच बाटली.

पांढरा थर म्हणजे नुसता क्षार. विकणाऱ्यांच्या भागात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. पाणी उडून जातं, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. ते व्हिनेगरमध्ये विरघळतं, पण उभ्या काचेवर व्हिनेगर ओघळून जातं आणि लोक वैतागून तारेची घासणी घेतात. तिने काचेवर चरे पडतात, ते कायमचे. आम्ही दोन मोठ्या माणसांनी जुन्या ब्लँकेटवर टाकी कुशीवर झोपवली, म्हणजे एक काच आडवी खाली आली. त्या काचेवर पेपर नॅपकिन पसरले, पांढरं व्हिनेगर ओतून ते भिजवले, वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि ४० मिनिटं थांबलो. बारीक बुडबुडे येताना मुलाला दिसले. मग कोरं ब्लेड काचेला तिरपं धरून हळूहळू ओढलं. पांढरा चोथा वर आला. ब्लेड कोपऱ्यापासून बोटभर लांबच थांबवायचं, नाहीतर सिलिकॉन कापलं जातं. कोपऱ्यांसाठी टूथब्रश. टाकी ॲक्रिलिकची असती तर ब्लेड हातातही घेतलं नसतं. चार बाजू आणि तळ मिळून साडेतीन तास गेले. व्हिनेगर संपलं तेव्हा किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून वापरलं. त्यानेही तेवढंच काम झालं, आणि स्वस्तात. उकळतं पाणी कुणीतरी सुचवलं होतं, ते मी घेतलं नाही. जाड काचेला एकदम उष्णता लागली तर ती तडकू शकते.

मागच्या काचेवर एक धुरकट पट्टा तरीही राहिला. त्यावर तिसऱ्यांदा व्हिनेगर लावलं, फरक पडला नाही. वर्षानुवर्षं क्षार बसून काचेचा पृष्ठभागच चरला की तो डाग राहत नाही, ती काचच तशी होते. तिथे थांबायचं. पुष्कळ लोक याच टप्प्यावर आणखी तीव्र ॲसिड शोधायला बाहेर पडतात.

खड्यांवरही व्हिनेगरचे चार थेंब टाकले. ते फसफसले. म्हणजे संगमरवराचा चुरा. असे खडे हळूहळू विरघळून पाण्यातले क्षार वाढवत राहतात. मासे कशाने मेले माहीत नव्हतंच, त्यात कासवं राहून गेलेली. खडे काढून टाकले आणि नवी नदीची वाळू घेतली.

क्लोरीनचा दिवस

पुढच्या शनिवारी टीसीएल नको म्हणालो. त्यात चुना असतो, तो परत पांढरा साका धरतो. बिनवासाचं साधं द्रव ब्लीच घेतलं, बाटलीवरची तारीख पाहून, कारण पडून राहिलेल्या ब्लीचची ताकद उतरते. एक माप ब्लीचला वीस मापं पाणी. टाकी भरायची गरज नसते. आठ लिटर द्रावण करून स्पंजने आतून-बाहेरून १५ मिनिटं ओलं ठेवलं, खडूने आखलेल्या पट्ट्यावर विशेष जोर देऊन. डोळ्यांना चष्मा, जागा उघडी, मूल लांब.

धुतल्यावर क्लोरीन उरलाय का हे नाकाने ठरवू नये. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, तेच ऑर्थोटोलिडीनचे थेंब मासेवाल्यांनाही उपयोगी पडतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमचं तिसरं पाणी फिकट पिवळं झालं. मग सोडियम थायोसल्फेटचे थोडे खडे घातलेल्या पाण्याने एकदा धुतलं, आणि पुढचं पाणी रंगहीन राहिलं. हे थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला ‘हायपो’. ॲक्वेरियमच्या दुकानात ते अँटिक्लोरीन म्हणून मिळतं.

टाकी दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवली. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा जीव असा कोरडेपणा सोसत नाही. पण माझ्या बोटातला तो मायकोबॅक्टेरियम सौम्य क्लोरीनला पुरून उरतो. त्याच्यासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतल्या काचा आणि सांधे पुसून तसेच वाळू दिले. हे ब्लीच पूर्ण धुऊन, टाकी कोरडी झाल्यावरच. ही दोन रसायनंही एकमेकांना भेटू द्यायची नसतात. आणि अल्कोहोल पेट घेतं, म्हणून हे काम घरात केलं नाही. स्पंज, जाळी, एअर पंपाची नळी टाकून दिली. दोनशे-अडीचशे रुपयांसाठी अज्ञात रोग कशाला ठेवून घ्यायचा?

गळती

“गळत नव्हती” हे विकणाऱ्यांचं उत्तर खरं असणार. पण तेव्हा टाकी भरलेली होती. नंतर चार महिने ती उन्हापावसात जवळजवळ रिकामी पडली होती. या टाकीत काठोकाठ १५९ लिटर पाणी मावतं. आठ मिलिमीटर काचेचं वजन ३० किलो, वर वाळू आणि स्टँड. सगळं मिळून दोनशे किलोंच्या वर. एवढं वजन घरात फुटलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून पार्किंगमध्येच सपाट जागी थर्मोकोलवर टाकी ठेवली, चारही बाजूंना वर्तमानपत्र पसरलं, आणि एक तृतीयांश, दोन तृतीयांश, मग पूर्ण असं थांबत थांबत भरलं.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा शाळेला निघताना ओरडत आला. मागच्या उजव्या कोपऱ्याखाली वर्तमानपत्र हातभर ओलं होतं.

वॉचमन म्हणाला, तिथे एम-सील लावा. बाहेरून लावलेलं काहीही टिकत नाही, पाण्याचा दाब आतून असतो. तेवढ्याच कोपऱ्यात सिलिकॉनचं ठिगळही टिकत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. दोन काचांच्या मधला मूळ सांधा भिंगातून पाहिला, त्यात बुडबुडे किंवा फटी नव्हत्या. तिथे दोष असता तर टाकी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी लागली असती, आणि मी वहिनींना नवी घ्या म्हटलं असतं. आमच्या टाकीत आतली सिलिकॉनची कड तेवढी कोरडी पडून उचलली होती. ती चारही बाजूंनी आणि तळाची, सगळी कापून काढली, काच अल्कोहोलने पुसली, चिकटपट्टी लावून सरळ रेषा आखल्या आणि एका दमात नवी कड ओढली. बोटाने दाबून गुळगुळीत केली, पट्टी लगेच काढली. सिलिकॉन घेताना ट्यूबवर बुरशीरोधक लिहिलेलं नाही ना, एवढं पाहावं. बाथरूमसाठीच्या त्या सिलिकॉनमधलं औषध माशांना विषारी ठरतं. सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून खरोखरच ॲसिटिक ॲसिड निघत असतं. तो वास जाईपर्यंत आणि वर दोन दिवस, असे सात दिवस आम्ही थांबलो. वहिनींचा मुलगा रोज शाळेतून आला की टाकीत नाक घालून वास घ्यायचा आणि वहीत लिहायचा: ‘आहे’, ‘थोडा आहे’, ‘नाही’. दुसऱ्या चाचणीत तीन दिवस कागद कोरडा राहिला.

तेवढ्यात स्टँड खरवडून रेड ऑक्साइड लावलं. घरात तो बीमजवळ, भिंतीला लागून ठेवला आणि मिस्त्रीची पाणसळ आणून चारही बाजू पाहिल्या. एका पायाखाली पत्र्याची चकती लागली.

हीटर मी वायर कापूनच कचऱ्यात टाकला, म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. त्याच्या काचेच्या नळीत आतून दमट धुकं होतं. पाण्यात २३० व्होल्टचं उपकरण आणि त्याच पाण्यात मुलाचा हात, यात तडजोड नाही. बाकीच्या वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये जात नाही. घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते पाहिलं, टेस्टचं बटण दाबून. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे, ही सवय.

पाणी भरलं नोव्हेंबरच्या मध्यात, कॉर्पोरेशनचं, थायोसल्फेट घालून. मुलाला वाटलं, झालं. पण आम्ही घासून, ब्लीच लावून चांगले-वाईट सगळेच जीवाणू मारले होते. माशांनी टाकलेला विषारी अमोनिया आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या चालत्या टाकीतला स्पंज या नव्या पाण्यात पिळला, ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकलं आणि आठवड्यातून दोनदा चाचणी केली. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ दोन चाचण्यांत दोन्ही शून्य आले.

मासे आणायला मी त्याच्याबरोबर गेलो. दुकानदाराने काच साफ ठेवायला एक सकर मासा देऊ केला. आम्ही नाही म्हटलं. तो हातभर वाढतो, स्वतःच भरपूर घाण करतो, आणि घरात मावेनासा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे सकर असेच कुणाच्या तरी टाकीतून आलेले असणार. आम्ही सहा गप्पी घेतले.

मागच्या काचेवरचा चरलेला पट्टा पाणी भरल्यापासून समोरून दिसत नाही. दिवा लावून बाजूने वाकून पाहिलं तर दिसतो, पाण्याच्या जुन्या रेषेइतक्याच उंचीवर.